दोन धारांमधला रविवार

मी पिंपळीच्या दूध संकलन केंद्राचा फळा बोलतोय. दारातून आत आलात की डाव्या हाताच्या भिंतीवर मी आहे. दिसलो नाही तरी माझी खडूची पूड तुमच्या खांद्यावर बसतेच, म्हणजे भेट झाली असं समजायचं. आजवर लोकांनी माझ्यावर लिहिलं, मी मुकाट्याने लिहून घेतलं. आज मला बोलायचंय. कुठेतरी जाऊन आल्यावर ज्यांचे हात लिहायला शिवशिवतात, त्यांच्याशी तर जरा जास्तच बोलायचंय.

मला कुंडलिक सुताराने एक्क्याण्णव साली बनवलं. आंब्याच्या फळ्या जोडल्या, रंधा मारला आणि रंग विकत आणायचा मात्र कंटाळा केला. बॅटरीचे जुने सेल फोडून त्यातली काळी भुकटी काढली, घेवड्याच्या पाल्याच्या रसात खलली आणि माझ्या अंगाला चोळली. त्या वासाने मला कितीतरी दिवस मळमळत होतं. पण रंग असा बसला की विचारू नका. आजही खडू टेकला की अक्षर उठून दिसतं.

माझ्यावर रोज लिहायचे ते ठरलेलं. गाईच्या दुधाचा दर, म्हशीच्या दुधाचा दर, ज्याच्या त्याच्या दुधाला लागलेली फॅट, आणि खाली ‘जनावरांचे डॉक्टर गुरुवारी येतील’. दूध घालायला येणारी माणसं बघून बघून मला एक कळलं. प्रत्येक जण स्वतःचा आकडा एकदा वाचतो आणि शेजाऱ्याचा दोनदा. फॅट कमी लागली तर मशीन बिघडलेलं असतं, आणि जास्त लागली तर म्हैस गुणाची असते.

हे सगळं माझ्या डाव्या अर्ध्या अंगावर मावायचं. उजवा अर्धा वर्षानुवर्षं कोरडाच होता. कधी कुणी पोरगं कोंबडा काढायचं, कधी कुणी बोटं पुसायचं. पान वाढून ठेवावं आणि जेवायला कुणी येऊच नये, तसं मला व्हायचं.

मग पंचाण्णवच्या उन्हाळ्यात ज्योत्स्ना आली.

ज्योत्स्ना म्हणजे साहेबरावांची सून. साहेबराव दौंडला रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातल्याशिवाय उंबरा न ओलांडणारे. ज्योत्स्ना बारामती एमआयडीसीत एका कारखान्यात पॅकिंगला होती, आणि तिचा नवरा सोमनाथ तिथेच फिटर. दोघं आठवडाभर मोटारसायकलवरून कामाला जायची आणि रविवारी त्याच मोटारसायकलवरून कुठेतरी भटकून यायची. कधी भिगवण, कधी इंदापूर, कधी नुसतंच धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने. गाव म्हणायचं, ह्यांच्या गाडीत पेट्रोल पडतं का पाणी?

एका संध्याकाळी ज्योत्स्ना सासूबाईंची किटली घेऊन आली, दूध घातलं आणि माझ्यासमोर उभी राहिली. केंद्राचे अध्यक्ष सर्जेराव खुर्चीत बसले होते. सगळं गाव त्यांना आबा म्हणतं.

‘आबा, हा अर्धा फळा मला द्या की,’ ती म्हणाली. ‘दर रविवारी आम्ही कुठं जाऊन आलो ते लिहीन. वाचून लोकं पण जातील.’

‘आगं, हितल्या मानसाला बारामतीला बाजाराला जायाला सवड न्हाय, आन् तू त्यांना भिगवान दावती व्हय?’ आबा हसले. ‘बरं, लिही. पर दिवाळीपतुर. त्यो खतवाला माझ्या मागं लागलाय. अर्ध्या फळ्यावर ऑइलपेंटनं जाहिरात काढून देतो म्हनतोय, वर केंद्राला पंखा. दिवाळीपतुर लोकं वाचत्यात असं दिसलं, तर फळा तुझा. न्हाय तर पंखा माझा.’

ऑइलपेंट! तुम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. पण फळ्याला ऑइलपेंट म्हणजे तोंडाला जन्माचं कुलूप. एकदा युरियाचं पोतं माझ्या अंगावर रंगवलं की ते पुसता येणार नाही आणि त्यावर दुसरं काही लिहिताही येणार नाही. त्या दिवसापासून ज्योत्स्नाची काळजी ती माझी काळजी झाली.

आणि पहिल्याच रविवारी तिने माती खाल्ली. भिगवणला पाण्यावर रोहित पक्षी बघून आली आणि लिहिलं काय, तर ‘निसर्गाच्या कुशीत विसावलेला तो नयनरम्य जलाशय, क्षितिजावर उधळलेली गुलाबी स्वप्ने’. अक्षर मोत्यासारखं होतं. पण गुलाबी स्वप्न म्हणजे नक्की काय, हे माझ्या अंगावर असून मलाही कळेना. माणसं यायची, डावीकडचा दर वाचायची आणि किटली उचलून चालू लागायची.

तिसऱ्या दिवशी बिरू थांबला. बिरूच्या शेळ्या, मेंढ्या आणि दोन म्हशी. त्याने सगळं सावकाश, ओठ हलवत वाचलं आणि शेजारी उभ्या ज्योत्स्नाला विचारलं, ‘ताई, ते समदं ब्येस हाय. पर एसटी कितीला सुटती?’

‘सकाळी असते की.’

‘आन् सांजच्या धारंला मानूस माघारी येतंय का?’

 मोटारसायकलवाल्यांना एसटीचं काय ठाऊक? आणि सकाळी म्हशीची धार काढल्यापासून संध्याकाळची धार काढेपर्यंत जेवढा वेळ मिळतो, तेवढंच ह्या गावाचं जग, हे ज्योत्स्नाने कधी हिशोबात धरलंच नव्हतं. घरची म्हैस तिची सासू बघत होती ना! आमच्याकडे लोक लग्नाला गेले तरी अक्षता पडल्या की जेवणाच्या पंगतीआधी घड्याळ बघतात. म्हैस काही कुणाच्या लग्नासाठी थांबत नाही.

तिने फडकं ओलं केलं आणि गुलाबी स्वप्नं पुसून टाकली. पुढच्या रविवारी ती आणि सोमनाथ मोटारसायकल घरी ठेवून एसटीने भिगवणला गेली, आणि आल्यावर तिने लिहिलं: ‘पहिल्या एसटीने जा. स्टँडवरून पाण्यापर्यंत चालत जाता येतं, पण टोपी घ्या, वाटेत झाड नाही. पक्षी गुलाबी आहेत, पाय काठीसारखे, मान वाकडी. एकदम उडाले की आपण काय बोलत होतो ते विसरायला होतं. म्हाताऱ्या माणसाला बसायला नावाड्यांच्या झोपडीजवळ सावली आहे. चारच्या आत निघालात तर धारेला घरी.’

तुम्ही प्रवासाचं लिहायला निघाला असाल तर ही पहिली गोष्ट. तुमचं मन कसं भरून आलं हे जरूर सांगा, पण आधी एसटी सांगा. सावली कुठे आहे ते सांगा. बाईमाणसाला आडोसा कुठे मिळेल हे तर सांगाच, कारण ते कुणी विचारत नाही आणि हवं मात्र असतं.

बिरू खरंच गेला, बायकोला घेऊन गेला. सोमवारी भरली किटली हातात घेऊनच माझ्यासमोर उभा राहिला आणि येईल त्याला सांगू लागला, ‘आरं, मान अशी वाकडी! अशी!’ स्वतःची मान वाकडी करून दाखवताना त्याचं दूध सांडता सांडता वाचलं. त्या दिवसापासून लोकांचे डोळे माझ्या उजव्या अंगाकडे वळू लागले. कुणी वाचून दाखवायचं, ज्यांना वाचता येत नाही ते कान देऊन ऐकायचे. मला तर अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं वाटत होतं.

पण सुखाला दृष्ट लागतेच. भाद्रपदात एका रविवारी सोमनाथला कारखान्यात जादा काम निघालं, त्यामुळे जाणं झालं नाही. अर्धा फळा रिकामा कसा ठेवायचा? ज्योत्स्नाने मे महिन्यात बघितलेलं पळसदेव आठवून लिहून काढलं. उजनीच्या पाण्यात बुडालेलं जुनं देऊळ, त्याच्या खांबांवरची नक्षी, चिखलातून चालत थेट गाभाऱ्यापर्यंत जाता येतं, वगैरे. सगळं खरं होतं. फक्त मे महिन्यातलं होतं, आणि ते तिने लिहिलं नाही.

ते वाचून नेमके गेले कोण? तर सर्जेराव आबा! घरी पाहुणे आले होते, मेव्हणा, त्याची बायको, पोरं. आबा सगळ्यांना जीपमध्ये घालून ऐटीत निघाले. त्यांच्या पत्नी विजयमालाकाकू तेवढ्या घरी राहिल्या, धारेसाठी. तिकडे जाऊन बघतात तर पाणीच पाणी. पावसाळ्यात धरण भरलेलं, देवळाच्या शिखराचा शेंडा तेवढा वर, त्यावर एक बगळा. मेव्हणा म्हणाला, ‘दाजी, द्येऊळ पोहून बघायचं व्हय?’

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा केंद्रात आले ते तावातावानेच. ‘मेव्हन्याम्होरं माझं नाक कापलं! आता लोकं वाचत्यात का न्हाय, ते बघायचंच न्हाय. दिवाळीआधीच्या रविवारी पेंटर येनार म्हंजे येनार!’

ज्योत्स्नाने ऐकून घेतलं. तोंड एवढंसं झालं होतं. मला वाटलं, आता ही खडू टाकून देते. पण तिने माझा उजवा भाग पुसला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘पळसदेवचं देऊळ मी मे महिन्यात बघितलं होतं. आत्ता तिथे पाणी आहे. हे लिहायला हवं होतं. चूक माझी. ज्यांना हेलपाटा पडला त्यांची माफी मागते. देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर बघा.’ आबांचं नाव तिने लिहिलं नाही, तेवढं शहाणपण होतं तिच्याजवळ.

गंमत म्हणजे ह्याआधी माझ्यावरचं काहीच लोकांनी इतक्यांदा वाचलं नव्हतं. गावात चूक झाली की झाकतात, निदान दुसऱ्यावर ढकलतात. फळ्यावर लिहून कबूल केलेली चूक लोक पहिल्यांदाच बघत होते. बिरू म्हणाला, ‘आता ही बाई काय बी लिहू द्या, खरंच असनार.’ आबांचा राग मात्र उतरला नाही. पेंटर ठरला होता.

म्हणून सांगतो, आपण कधी गेलो होतो ते लिहा. आठवण बाराही महिने तशीच राहते, पाणी राहत नाही.

आता अक्काबाईंबद्दल सांगायला हवं. अक्काबाई म्हणजे साहेबरावांच्या पत्नी, ज्योत्स्नाच्या सासूबाई. रोज सकाळ-संध्याकाळ दूध घेऊन यायच्या. वाचता येत नव्हतं, पण सुनेचं अक्षर लांबून ओळखायच्या आणि पदराने कडेची पूड हळूच झटकायच्या. बरं वाटायचं मला.

पेंटर यायच्या आदल्या संध्याकाळी सासू-सुना दोघी आल्या. ज्योत्स्ना म्हणाली, ‘आत्या, उद्याचा रविवार शेवटचा. परवापासून हितं खताचं पोतं. शेवटचं कुठलं लिहू?’

अक्काबाई जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या, ‘आपल्या पाटाला नीरंचं पानी येतं. जल्मभर त्या पान्यावर पोट भरलं. ती नीरा शेवटी कुठं जाती, ते मला एकदा बघायचं व्हतं.’

‘नरसिंहपूरला जाती. तिथं भीमेला मिळते.’

‘लई लांब हाय न्हवं? म्हशीला माझ्याबिगर कुनाचा हात चालत न्हाय. सोमाला तर लाथंनं उडवती.’

‘पहिल्या गाडीनं निघू, धारेला माघारी येऊ. चला आत्या.’

मी भिंतीला खिळलेला, नाही तर मीच म्हणालो असतो, चला आत्या. रविवारी सकाळी अक्काबाईंचं दूध घालून दोघी तशाच स्टँडकडे गेल्या. जाताना ज्योत्स्नाने माझ्यावर एकच ओळ लिहिली: ‘आज अक्काबाई नीरा कुठे जाते ते बघायला नरसिंहपूरला गेल्या आहेत. संध्याकाळी सांगते.’

दिवसभर मी ती ओळ छातीवर घेऊन बसलो. संध्याकाळी पेंटर डबे आणि ब्रश घेऊन हजर झाला. आबा खुर्चीत बसले होते. माणसं आली, दूध मोजलं गेलं, किटल्या रिकाम्या झाल्या. आणि कुणी घरीच जाईना. बिरू उंबऱ्यावर बसला. बायका भिंतीला टेकल्या. विजयमालाकाकूही रिकामी किटली घेऊन थांबल्या.

‘का रं, घरं न्हाईत का तुमाला?’ आबा म्हणाले.

‘अक्काबाई यायच्यात,’ बिरू म्हणाला. ‘सांगते म्हनून लिवलंय की.’

पेंटरने पहिला डबा उघडला. तो वास आला आणि माझ्या अंगावर काटा आला. अक्काबाईंचा पत्ता नाही. अंधारून येऊ लागलं. दुधाचा टेम्पो दारात येऊन हॉर्न वाजवू लागला. साहेबरावांच्या घरचं दूध तेवढं आलेलं नव्हतं. कुणीतरी हळूच म्हणालं, ‘आज म्हैस तटली बघा. अक्काला उगीच न्हेलं.’ कुणी मान हलवली. मला तर रडायला येत होतं. माझ्यापेक्षा त्या बाईसाठी वाईट वाटत होतं. आयुष्यात एकदा घराबाहेर पडली आणि तीच गोष्ट गाव तिला जन्मभर ऐकवणार!

तेवढ्यात दारात साहेबराव उभे राहिले. हातात किटली, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि शर्टावरून अक्काबाईंचं हिरवं पातळ! डोक्यावरून पदर घेतलेला. घाईत काढायचं राहून गेलेलं.

 जो हशा उसळला, त्याने माझ्यावरची पूड खाली पडली. साहेबरावांनी स्वतःकडे बघितलं, पदर खांद्यावर नीट केला आणि शांतपणे म्हणाले, ‘जय भीम मंडळी. हसा खुशाल. पर आदी दूध मोजा, टेम्पो थांबलाय.’

‘मामा, म्हशीनं दूध दिलं?’ बिरूने विचारलं.

‘दिलं की. पातळाचा वास घेतला, माझ्या त्वांडाकडं बघितलं, जरा इचार केला. मग दिलं. इतकी वर्सं आमी तिला इचारलंच न्हवतं.’

फॅटसुद्धा रोजच्याएवढीच लागली.

दूध मोजून होतंय तोवर अक्काबाई धावत आल्या. मागून ज्योत्स्ना. अक्काबाईंचा जीव वर-खाली होत होता, ‘म्हस? म्हशीचं काय?’ त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, पातळाकडे बघितलं, आणि पदर तोंडाला लावून अशा हसल्या की खालीच बसल्या.

‘गाडी चुकली का, आत्या?’ कुणीतरी विचारलं.

‘गाडी न्हाय चुकली,’ ज्योत्स्ना म्हणाली. ‘आत्या घाटावरून उठेनात. मी पण मग ओढलं नाही.’

‘कशी उठू?’ अक्काबाई म्हणाल्या. सगळे जवळ सरकले. ‘देवळाकडं लोकांची रांग, आमी सरळ पान्याकडं. पायरीवर बसलो, भाकरी खाल्ली, पाय पान्यात सोडलं. एका अंगानं नीरा, एका अंगानं भीमा. रंग येगळा, चाल येगळी. आन् जरा म्होरं गेलं की कंची कुनाची, काय कळत न्हाय. हितं पाटाला पाळी आली की आमी रातभर भांडायचो वो, तुझं पानी, माझं पानी. आन् ती तितं गप् जाऊन मिळती. कुनाला इचारत न्हाय.’

त्यांचे डोळे भरून आले. ‘लई बरं वाटलं मला,’ त्या म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या. क्षितिज नाही, स्वप्नं नाहीत. पण उंबऱ्यावरचा बिरू नाक पुसत होता.

आबा खुर्चीतून उठले. माझ्याकडे बघितलं, गर्दीकडे बघितलं. पेंटर ब्रश बुडवून उभा होता, म्हणाला, ‘आबा, काढू का पोतं?’

आबा बोलायच्या आतच विजयमालाकाकूंचा आवाज आला. त्या नवऱ्याशी चारचौघांत कधी बोलत नसत. म्हणाल्या, ‘अवो, पोतं बाहेरच्या भिंतीवर काढा म्हनावं. आन् माझं एक जुनं पातळ काढून ठिवते. म्होरल्या रविवारी तुमी नेसा. मला बी नदी बघायचीया.’

आबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मिशीवरून हात फिरवून ते पेंटरला म्हणाले, ‘आयकलंस न्हवं? बाहेर काढ.’

पंखा काही आला नाही. उन्हाळ्यात केंद्रात अजून घाम गळतो. पण माझा उजवा अर्धा भाग आजही काळा आहे, मोकळा आहे आणि दर रविवारी भरतो. आता नव्याण्णव साल चाललंय. माझ्या एका कोपऱ्याचा टवका उडालाय, मधल्या सांध्यात फट पडलीय. ज्योत्स्ना लिहितेच, पण आता ती एकटी नाही. विजयमालाकाकू सांगतात, बिरूची बायको सांगते, ज्याला लिहिता येतं तो उतरवून घेतो. रविवारी संध्याकाळी दूध घालायला येणाऱ्या कितीतरी पुरुषांच्या खांद्यावर पातळ असतं. आबा नेसतात ते जांभळं आहे, आणि त्यांची म्हैस त्यांना अजून पूर्ण मानत नाही.

बारामतीत कॉम्प्युटरचे क्लास निघालेत म्हणे. ज्योत्स्ना सांगत होती, उद्या लोक काचेच्या फळ्यावर लिहितील आणि ते दुनियेतली माणसं घरबसल्या वाचतील. लिहोत बापडे. खडूचा ठसका तरी वाचेल.

पण त्या काचेवर लिहिणाऱ्यांनो, पिंपळीच्या ह्या लाकडी थोरल्या भावाचं एवढं ऐका. जिथे जाल तिथलं पाणी, झाडं, पाखरं मन लावून बघा आणि बघितलं तेवढंच लिहा. मात्र ‘तुम्हीही नक्की जा’ असं कुणाला लिहिण्याआधी त्याच्या घरी एक चक्कर मारा, आणि तो गेल्यावर त्याच्या म्हशीची धार कोण काढणार, ते विचारून या.